प्रक्रिया-सुधारणेत माणसे सोबत ठेवण्याचा क्रम : प्रकल्पप्रमुखांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नागपूर परिसरातल्या कारखान्यांत आणि गोदामांत प्रक्रिया-सुधारणेचा प्रकल्प अडतो तेव्हा बहुतेक वेळा तंत्राची बाजू ठीकच असते. आकडे गोळा झालेले असतात, विलंबाचे कारण सापडलेले असते, उपायही योग्य असतो. तरीही दोन-तीन महिन्यांत काम पुन्हा जुन्या वळणावर जाते आणि ‘आमच्या लोकांना उत्साहच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष मला मान्य नाही. सकाळी सहाच्या पाळीसाठी पहाटे घर सोडून बुटीबोरी किंवा हिंगण्याला पोहोचणाऱ्या माणसाला कामाविषयी आस्था नसते, असे म्हणण्याला काही आधार नाही. प्रकल्पप्रमुख पावले चुकीच्या क्रमाने टाकतो, हे मात्र वारंवार दिसते. पहिल्या दिवशी मोठी सभा, दुसऱ्या दिवशी भिंतीवर घोषवाक्ये, तिसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन मोजमाप, आणि लोकांच्या मनातल्या भीतीची चौकशी झालीच तर सर्वांत शेवटी. खाली दिलेला क्रम जवळपास याच्या उलट आहे.

समजावण्यासाठी एकच कल्पित उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात ट्रक फाटकातून आत आल्यापासून माल भरून बाहेर पडेपर्यंत साधारण सहा तास जातात आणि व्यवस्थापनाला ते तीन तासांवर आणायचे आहेत. या कामाशी डिस्पॅच (माल बाहेर पाठवण्याच्या) विभागातले कारकून, पाळीचे सुपरवायझर, गुणवत्ता तपासणारे, माल भरणारे हमाल, फाटकावरचे सुरक्षारक्षक, वाहतूकदार, युनियनचे प्रतिनिधी आणि बाहेरचे ग्राहक एवढ्यांचा संबंध येतो. रुग्णालयाची बाह्यरुग्ण नोंदणी, बँकेची कर्जमंजुरी किंवा सरकारी कार्यालयातला दाखला घेतला तरी माणसे बदलतात, क्रम बदलत नाही.

टप्पा १ : वरिष्ठांकडून चार गोष्टी लेखी घ्या

प्रकल्प स्वीकारण्यापूर्वी, म्हणजे कामगारांपैकी कोणाशीही बोलण्याआधी, प्रकल्पाचा पुरस्कर्ता असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून पुढील चार मुद्द्यांवर स्पष्ट उत्तर घ्यावे आणि ते ईमेलवर किंवा टिपणीत नोंदवून घ्यावे.

पहिला मुद्दा नोकरीचा. या सुधारणेमुळे कोणाचेही काम जाणार नाही, असे वचन व्यवस्थापन देऊ शकते का? देऊ शकत असेल तर ते कोणाच्या सहीने, आणि त्यात ठेकेदाराची माणसे धरली आहेत की नाहीत? दुसरा मुद्दा वेळेचा. सुधारणा-गटातल्या माणसांना आठवड्यातून ठरावीक तास नेहमीच्या कामातून मोकळे केले जाईल का, आणि त्या वेळी त्यांच्या जागी कोण उभे राहील? तिसरा मुद्दा खर्चाचा. वरिष्ठांना न विचारता प्रकल्पप्रमुखाला किती रुपयांपर्यंत खर्च करता येईल? ही रक्कम लहान असली तरी चालते, पण ती असायलाच हवी. चौथ्या टप्प्यात तिचे महत्त्व कळेल. चौथा मुद्दा स्वतः त्या अधिकाऱ्याचा. तो किती वेळा आणि कोणत्या दिवशी प्रत्यक्ष लोडिंगच्या जागी येईल?

वचन देणे शक्य नसेल तर ते आडवळणाने देऊ नये. ‘सध्या तरी तसा विचार नाही’ हे वाक्य ऐकणारा कामगार त्यातला ‘सध्या’ हा शब्द घेऊन घरी जातो. जागा खरोखर कमी होणार असतील, तर निवृत्त होणाऱ्यांच्या जागा न भरणे, दुसऱ्या विभागात बदली करणे, नवे काम शिकवणे यांपैकी काय होणार, हे आधी ठरवावे आणि जे ठरले तेच सांगावे.

याच टप्प्यावर मनुष्यबळ विभागाला आणि कामगार कायद्याच्या सल्लागाराला एक प्रश्न विचारावा. कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा, पाळ्या किंवा वेतनाची पद्धत बदलत असेल, तर संबंधित कामगारांना आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीपासून २१ दिवसांच्या आत बदल अमलात आणता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ९-अ मध्ये ही तरतूद होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. ‘आम्ही फक्त चहाची वेळ पुढे ढकलली’ असे सांगणाऱ्या प्रकल्पप्रमुखाला ही बाब युनियनच्या पत्रातून कळावी, हे प्रकल्पाच्या दृष्टीने फार महाग पडते.

तपासणी : चारही उत्तरे लेखी आहेत का? एकही तोंडी असेल तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

टप्पा २ : कोणाचे काय जाणार आहे, याची यादी करा

संबंधितांची यादी करून त्यांचा प्रभाव किती आणि त्यांना रस किती, अशा चार चौकटींत नावे बसवण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. ती करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. त्या चौकटीत सुरक्षारक्षक ‘प्रभाव कमी, रस कमी’ या कोपऱ्यात जातो. प्रत्यक्षात ट्रकची पहिली नोंद त्याच्याच हातून होते आणि त्याने वेळ अंदाजाने लिहिली तर सगळे मोजमाप फसते. म्हणून प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना काढावा : सुधारणा यशस्वी झाली तर या माणसाचे काय जाईल?

हा रकाना भरणे हे संपूर्ण प्रकल्पातले सर्वांत मोलाचे काम आहे, असे माझे मत आहे. म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो.

डिस्पॅचला उशीर होतो म्हणून दुसऱ्या पाळीतली माणसे थांबतात आणि त्यांना जादा वेळेचे वेतन मिळते. हे वेतन नेहमीच्या दराच्या दुप्पट असते. ज्या घरात मुलाच्या शिकवणीचे शुल्क किंवा दुचाकीचा हप्ता याच रकमेतून जातो, त्या घराच्या दृष्टीने तीन तासांत ट्रक सुटणे म्हणजे महिन्याच्या मिळकतीत खड्डा पडणे होय. माल भरणारे हमाल १९६९ च्या माथाडी (ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या) कायद्याखालच्या माथाडी मंडळात नोंदलेले असतील आणि मजुरी टनावर किंवा नगावर घेत असतील, तर तोच माल दोनदा हाताळण्याची गरज संपल्याबरोबर त्यांची मजुरीही कमी होते. सुधारणेच्या आराखड्यात ज्याला आपण ‘अनावश्यक हाताळणी’ म्हणतो, ती त्यांच्या हिशेबात रोजगार असते. या माणसांना प्रेरणेचे भाषण ऐकवणे निरर्थकच नव्हे, अन्यायाचेही आहे. त्यांच्याशी दराची बोलणी आधी करावी : हाताळणी कमी झाली तरी दिवसाला जास्त ट्रक भरले जातील का, तसे झाले तर मजुरी भरून निघते का, नाही निघाली तर दरात बदल करायला व्यवस्थापन आणि मंडळ तयार आहे का.

सगळेच नुकसान पैशाचे नसते. कोणता ट्रक आधी लावायचा हे आजवर ज्या सुपरवायझरच्या शब्दावर ठरत होते, त्याचा मान क्रमांक-पद्धतीमुळे कमी होतो. वीस वर्षे तोंडपाठ हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाचे महत्त्व नव्या संगणक-प्रणालीत विरून जाते. गुणवत्ता विभागाला ‘तुमच्यामुळे उशीर होतो’ असा ठपका येण्याची धास्ती असते. थांबलेल्या गाडीचे पैसे वाहतूकदार लावत असेल, तर तेही जाणार. मधल्या फळीच्या अधिकाऱ्याला वाटते की सहा तासांचे तीन झाले, तर ‘मग इतकी वर्षे तुम्ही काय करत होता’ हा प्रश्न त्यालाच विचारला जाईल. या शेवटच्या भीतीचा उच्चार कोणीही करत नाही आणि प्रकल्प आतून थांबवणारी भीती बहुधा हीच असते.

ही माहिती बैठकीत मिळत नाही. एकेकट्याला, त्याच्या कामाच्या जागी, पाळी सुरू होण्याच्या गडबडीत किंवा सुटण्याच्या घाईत नव्हे तर मधल्या निवांत वेळी भेटावे. वयाने मोठ्या हमालाला नावापुढे ‘भाऊ’ किंवा ‘काका’ लावून, ‘तुम्ही’ म्हणून बोलावे. छिंदवाडा, बालाघाट, शिवनी किंवा छत्तीसगडकडून आलेले कामगार असतील तर त्यांच्याशी हिंदीतच बोलावे. त्यांना मराठी समजते म्हणून मराठीत उरकू नये, कारण समजणे आणि मनातले सांगता येणे यांत फरक आहे. वही उघडी ठेवू नये. ‘तुम्हाला काय अडचण आहे?’ या प्रश्नाला ‘काही नाही साहेब’ असेच उत्तर येते. त्यापेक्षा ‘काल शेवटचा ट्रक किती वाजता सुटला, तेव्हा तुम्ही काय करत होता?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो.

सावधान : एकाने सांगितलेली अडचण दुसऱ्यासमोर त्याच्या नावाने मांडू नये. हे एकदा जरी घडले तरी पुढे कोणी बोलत नाही.

तपासणी : रकान्यात निदान एका माणसापुढे ‘काहीही जाणार नाही’ असे लिहिले असेल तर त्याला पुन्हा भेटावे.

टप्पा ३ : मोजमाप त्यांच्याच हाती द्या

सहा तास कुठे जातात, हे शोधण्यासाठी बाहेरचा माणूस घड्याळ घेऊन उभा राहिला की दोनपैकी एक गोष्ट होते : लोक नेहमीपेक्षा जलद काम करतात किंवा मुद्दाम संथ. दोन्ही आकडे निरुपयोगी. यापेक्षा ट्रकबरोबर फिरणारी एक साधी चिठ्ठी तयार करावी. फाटकावर प्रवेश, वजनकाटा, माल भरण्याची सुरुवात, माल भरून पूर्ण, तपासणी, बिल, फाटकाबाहेर. अशा सात नोंदी. प्रत्येक ठिकाणच्या माणसाने आपल्याकडे ट्रक आल्याची वेळ लिहायची. चिठ्ठीवर ट्रकचा क्रमांक असावा, माणसाचे नाव नसावे.

दोन आठवड्यांच्या चिठ्ठ्या जमल्या की त्यांची बेरीज-वजाबाकी प्रकल्पप्रमुखाने एकट्याने संगणकावर करू नये. सात ठिकाणच्या प्रत्येकी एकाला एका टेबलाभोवती बसवावे आणि चिठ्ठ्या त्यांच्याकडूनच मांडून घ्याव्यात. सहापैकी चार तास ट्रक नुसता उभा असतो आणि प्रत्यक्ष काम दोनच तासांचे आहे, हे जेव्हा त्यांच्या स्वतःच्या अक्षरातून त्यांना दिसते, तेव्हा ‘आम्हाला जास्त राबवणार’ ही शंका आपोआप सैल होते. कोणाचेही हात जलद चालवण्याची गरज नाही, मधली थांबण्याची वेळ कमी करायची आहे, ही गोष्ट पाच भाषणांनी पटत नाही ती या टेबलावर पटते.

याच वेळी माणसांचे ज्ञानही बाहेर येते. उदाहरणार्थ, बिल आधीच का तयार करून ठेवत नाही, असे कारकुनाला विचारले तर तो सांगेल की माल वाहून नेण्यासाठी लागणाऱ्या ई-वे बिलाला मुदत असते, २०० किलोमीटरपर्यंतच्या अंतराला एका दिवसाची, आणि ट्रक भरायला उशीर झाला तर ती वाया जाते. हा आडमुठेपणा नाही, योग्य कारण आहे. पण पुढे तोच सांगेल की मुदत मोजली जाते ती त्या बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये वाहनाचा क्रमांक भरल्यापासून. मग भाग ‘अ’ मधली मालाची माहिती माल भरत असतानाच भरून ठेवली तर अर्धे काम आधी उरकते. असा उपाय कारकुनाच्या तोंडून आला की तो कारकुनाचा होतो. तोच उपाय प्रकल्पप्रमुखाने सभेत सुचवला असता तर त्याच कारकुनाने त्यातल्या पाच उणिवा दाखवल्या असत्या.

सावधान : या मोजमापाच्या आधारे कोणालाही कारणे दाखवा नोटीस दिली जाणार नाही, हे पहिल्या टप्प्यातल्या लेखी उत्तरांत घालून घ्यावे. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी दिलेल्या १४ सूत्रांतले आठवे सूत्र कामाच्या जागेवरून भीती घालवण्याचे आहे. भीती असेल तिथे खरा आकडा मिळत नाही, हा त्याचा रोजच्या कामातला अर्थ.

टप्पा ४ : पहिली दुरुस्ती त्यांच्या त्रासाची करा

आता तीन तासांच्या उद्दिष्टाकडे वळण्याचा मोह होईल. तो आवरावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात लोकांनी ज्या अडचणी सांगितल्या, त्यांतली एक, जी एका आठवड्यात आणि स्वतःच्या अधिकारातल्या खर्चात दूर होऊ शकते, ती आधी दूर करावी, मग तिचा ट्रकच्या वेळेशी थेट संबंध असो वा नसो.

नागपुरात अशी अडचण शोधावी लागत नाही. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि दुपारी दोन वाजता माल भरण्याच्या उघड्या फलाटावर पत्र्याच्या ट्रकमध्ये माल रचणाऱ्या माणसाला उत्साहाविषयी काही सांगणे शोभत नाही. फलाटावर सावलीची हिरवी जाळी, पिण्याच्या थंड पाण्याची सोय, आणि शक्य असेल तर जड माल भरण्याचे काम सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर घेणे, एवढे केले तरी पुरे. पावसाळ्यात हीच गोष्ट फाटलेल्या ताडपत्रीची असते. कारकुनाच्या बाबतीत ती अडकणाऱ्या प्रिंटरची असेल, सुरक्षारक्षकाच्या बाबतीत रात्रपाळीत नीट न दिसणाऱ्या दिव्याची.

या दुरुस्तीचा समारंभ करू नये, छायाचित्रे काढू नयेत. ज्याने अडचण सांगितली त्याला जाऊन फक्त विचारावे, ‘आता ठीक आहे का?’ आणि तो ‘अजून एका बाजूने ऊन येते’ म्हणाला तर जाळी सरकवून घ्यावी.

तपासणी : दुरुस्तीनंतर आठवडाभरात कोणी न विचारता दुसरी अडचण सांगायला आले का? आले असेल तर विश्वास रुजू लागला आहे. कोणीच आले नाही, तर निवडलेली अडचण त्यांच्या दृष्टीने किरकोळ होती, दुसरी घ्यावी.

टप्पा ५ : सभा आता घ्या

सभा अर्ध्या तासाची असावी आणि कामाच्या वेळेत असावी. पाळी सुटल्यावर थांबवून घेतलेल्या सभेत सगळ्यांचे लक्ष कंपनीच्या बसकडे असते. दोन पाळ्यांसाठी दोन सभा घ्याव्यात. रात्रपाळीला ‘इतरांकडून कळेलच’ असे गृहीत धरू नये.

सुरुवात वरिष्ठ अधिकाऱ्याने करावी आणि पहिल्या टप्प्यात दिलेले वचन त्याने स्वतःच्या तोंडाने, लेखी मजकुरातले शब्द न बदलता वाचावे. त्यानंतर चिठ्ठ्यांतून काय दिसले, हे टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एखाद्या हमालाने किंवा कारकुनाने सांगावे. त्याला बोलण्याचा संकोच वाटत असेल तर दोघांनी मिळून सांगावे. उद्दिष्ट, मुदत आणि पहिली चाचणी कुठे होणार, हे प्रकल्पप्रमुखाने सांगावे. उरलेला अर्धा वेळ प्रश्नांना द्यावा. ज्या प्रश्नाचे उत्तर जवळ नाही, त्याच्यासमोर तारीख लिहावी आणि त्या तारखेला सूचनाफलकावर मराठीत व हिंदीत उत्तर लावावे, मग ते उत्तर ‘हे करता येणार नाही, कारण असे’ असले तरी.

युनियनचे पदाधिकारी आणि मधल्या फळीचे अधिकारी यांना सभेत नवीन काहीही कळता कामा नये. त्यांच्याशी दोन-तीन दिवस आधी वेगळे बोलणे झालेले असावे. आपल्याच माणसांसमोर पहिल्यांदा बातमी ऐकणारा प्रतिनिधी, मनातून अनुकूल असला तरी, तिथे विरोधच करेल. त्याच्या जागी त्याला दुसरा मार्ग राहत नाही.

घोषवाक्यांचे फलक लावू नयेत. डेमिंग यांच्या सूत्रांतले दहावे सूत्र घोषवाक्ये काढून टाकण्याविषयीच आहे, आणि त्याचे कारण साधे आहे : विलंब पद्धतीत असताना ‘अधिक तत्पर व्हा’ असे लिहिणे म्हणजे दोष माणसांवर ढकलणे.

टप्पा ६ : चाचणी लहान, परत फिरवता येण्याजोगी आणि योग्य काळात

एक फलाट, एक पाळी, दोन आठवडे. चाचणीला केवळ उत्साही माणसे निवडण्याची चूक सर्रास होते. मग यश आले तरी बाकीचे म्हणतात, ‘त्यांचे काय, ते साहेबांच्या मर्जीतले.’ गटात निदान एक शंकेखोर पण कामात तरबेज माणूस असलाच पाहिजे. तो ज्या उणिवा दाखवेल, त्या चाचणीतच दुरुस्त होतात, आणि त्याला पटले तर इतरांना पटवण्याचे काम उरत नाही. चाचणी फसली तर जुनी पद्धत दुसऱ्या दिवशी परत सुरू होईल, हे आधी जाहीर करावे.

काळ निवडताना इथले वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे. जूनमध्ये पेरणीसाठी आणि ऑक्टोबरपासून सोयाबीन व कापसाच्या कामासाठी आसपासच्या तालुक्यांतले अनेक कामगार रजा घेतात. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा व मारबत, दसऱ्याला दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्यानंतरची दिवाळी, या दिवसांत उपस्थिती आणि शहरातली वाहतूक दोन्ही बदलतात. मार्चअखेर डिस्पॅचवर इतका भार असतो की त्या महिन्यात नवे काही सुरू करणे हा लोकांवर अत्याचार होय. सरकारी कार्यालयातला प्रकल्प असेल तर डिसेंबरमधले हिवाळी अधिवेशनाचे दिवस सोडावेत.

सावधान : चाचणी चालू असताना वरिष्ठांनी ‘आता हे सगळ्या फलाटांवर लावा’ असा आदेश दिला तर तो नम्रपणे, पण ठामपणे थांबवावा. दोन आठवडे पूर्ण होऊ देणे हे लोकांना दिलेल्या शब्दाचा भाग आहे.

टप्पा ७ : आकडे दाखवणे, कौतुक आणि पैसा

फलाटाजवळ एक कागद लावावा आणि दिवसातल्या ट्रकांच्या वेळेचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, रोज एका बिंदूने दाखवावा. सरासरी टाळावी, कारण एक बिघडलेला ट्रक दिवसभर उभा राहिला की सरासरी सगळ्यांची मेहनत झाकून टाकते. बिंदू मांडण्याचे काम पाळीतल्या माणसांनी आळीपाळीने करावे.

आकडे रोज थोडे वरखाली होणारच. काल तीन तास दहा मिनिटे आणि आज साडेतीन, म्हणून सुपरवायझरला बोलावून जाब विचारू नये. आणि उद्या तीन तास झाले म्हणून पेढेही वाटू नयेत. सलग आठ बिंदू सुधारणेआधीच्या मध्यकाच्या रेषेखाली आले, तर खरोखर काही बदलले आहे असे समजावे. नैसर्गिक चढउतारावर रागावणारा किंवा हरखणारा प्रमुख काही दिवसांतच लोकांना कागदावर सोयीचा बिंदू काढायला शिकवतो.

कौतुक करावे, भरपूर करावे, पण नेमके करावे. ‘सगळ्यांनी छान काम केले’ यातून कोणालाच काही मिळत नाही. ‘पावतीची प्रत माल भरतानाच फाटकावर पाठवायची, ही कल्पना तुमची, त्यामुळे फाटकावरची रांग गेली’ असे त्याच्या सुपरवायझरच्या देखत सांगावे. वरिष्ठांकडे जाणाऱ्या अहवालात सुचवणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे आणि प्रकल्पप्रमुखाने स्वतःचे नाव शेवटी घालावे. सुपरवायझरचा मान गेला असेल तर तो दुसरीकडे भरून द्यावा : रोजचा कागद पाहून अडथळा कोणाकडे न्यायचा, हा निर्णय त्याच्याकडे सोपवावा.

रोख बक्षिसाबाबत सावध राहावे. सर्वांत जलद फलाटाला बक्षीस ठेवले की फलाट एकमेकांपासून युक्त्या लपवू लागतात आणि गुणवत्तेची तपासणी घाईत उरकली जाते. पैसे द्यायचेच असतील तर बचतीतला ठरावीक वाटा सर्वांना सारखा द्यावा, आणि जादा वेळेचे वेतन कमी झाल्यामुळे ज्यांचे खरे नुकसान झाले आहे, त्यांचा विचार त्यात पहिल्यांदा करावा. मजुरीचा प्रश्न बाजूला ठेवून प्रमाणपत्रे वाटणे हे मला अयोग्य वाटते.

टप्पा ८ : मधल्या मरगळीत काय करावे

साधारण दुसऱ्या महिन्यात उत्साह उतरतो. सोपे उपाय संपलेले असतात, अवघड राहिलेले असतात आणि ते बहुधा दोन विभागांच्या सीमेवर असतात. इथे संघाला प्रोत्साहन देण्यापेक्षा प्रमुखाने स्वतः अडथळा दूर करणे अधिक उपयोगाचे असते. गुणवत्ता विभागाची सही मिळायला पाऊण तास लागत असेल, तर त्या विभागप्रमुखाकडे संघाला पाठवू नये. स्वतः जावे, वरिष्ठाला सोबत न्यावे आणि सुटलेला प्रश्न घेऊनच फलाटावर परत यावे.

बाहेरच्या संबंधितांना या काळात नियमित कळवत राहावे, पण सगळ्यांना एकच अहवाल पाठवू नये. वरिष्ठांना आठवड्याला अर्धे पान पुरते : मध्यक किती, अडले कुठे, त्यांच्याकडून काय हवे. वाहतूकदाराला आकडेवारी नको असते. त्याच्या चालकाला किती वाजता यावे आणि किती वाजता सुटता येईल, एवढे फोनवर सांगितले की तो गाड्या वेळेवर पाठवू लागतो. ग्राहकाला माल निघाल्याची वेळ हवी. युनियनला हवी असते ती दिलेल्या वचनांची यादी आणि त्यांतली किती पाळली गेली याची नोंद. ही यादी त्यांनी मागण्यापूर्वी द्यावी.

उघड विरोध करणाऱ्यापेक्षा बैठकीत मान डोलावून नंतर काहीच न करणाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे. त्याला एकट्याने भेटून दुसऱ्या टप्प्यातला रकाना पुन्हा उघडावा. जवळजवळ नेहमीच तिथे काहीतरी लिहायचे राहून गेलेले असते.

तपासणी : गेल्या पंधरा दिवसांत संघाने मांडलेल्या अडथळ्यांपैकी किती प्रमुखाने स्वतः सोडवले? उत्तर शून्य असेल तर मरगळीचे कारण संघात शोधू नये.

टप्पा ९ : काम त्यांच्या हाती सोपवून बाहेर पडा

नव्या पद्धतीची लेखी कार्यपद्धती काम करणाऱ्यांनीच सांगावी आणि प्रकल्पप्रमुखाने फक्त टिपून घ्यावी. एका पानाच्या पुढे जाऊ नये. फलाटावर मराठीत आणि हिंदीत, हाताच्या उंचीवर लावावी. नवीन माणूस रुजू झाला तर ते पान त्याला कोण समजावून सांगणार, हे पानाच्या तळाशी पदनामाने लिहावे. रोजच्या कागदाचा मालक पाळीचा सुपरवायझर राहील आणि मध्यक सलग तीन दिवस साडेतीन तासांच्या वर गेला तर त्याने कोणाला कळवायचे, हेही तिथेच असावे.

प्रकल्प संपल्याची घोषणा झाल्यानंतर ३०, ६० आणि ९० दिवसांनी प्रकल्पप्रमुखाने फलाटावर यावे, आणि या तारखा जाहीर सभेतच सांगाव्यात. या भेटीत आधी कागद पाहू नये. आधी पहिल्या टप्प्यातली वचने काढावीत आणि ज्यांना ती दिली होती त्यांना एकेकाला विचारावे : मजुरीचा फरक मिळाला का, बदली झाली ती सांगितली तशीच झाली का, पाण्याची सोय अजून चालू आहे का. यांपैकी एखादे वचन मोडले असेल, तर ते त्याच दिवशी लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे न्यावे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत त्या कारखान्यात दुसरा सुधारणा-प्रकल्प हाती घेऊ नये.